हिरवळीवरचं पंधरावं घर

१

रोज सकाळी साडेसातला हेस्टर प्लमली दोन बादल्या घेऊन चौकातल्या नळावर जायची. १९७६चा तो उन्हाळा. मे महिन्यापासून पाऊस असा झालाच नव्हता. सरकारने घरोघरचं पाणी तोडलं आणि चौकात एक सामाईक नळ बसवला. मार्लस्टोक गाव गेल्या दोनशे वर्षांत एकमेकांशी बोललं नसेल एवढं त्या नळावर बोलायला लागलं.

पाणी आणून झालं की चहा. चहा झाला की स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर वही उघडायची. समोर विल्फची खुर्ची. विल्फ म्हणजे तिचा नवरा, लॉर्डसाहेबांच्या इस्टेटचा सुतार, गेल्या नोव्हेंबरात गेलेला. तिची स्वतःची खुर्ची मागच्या दाराकडे पाठ करून. अठरा वर्षं ती याच खुर्चीत बसत आली होती आणि पाठीमागे काय आहे याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

वहीत ती गावाचा इतिहास लिहीत होती. गढी आता तिकीट लावून लोकांना दाखवायची होती. (नकाशात ती कॅसल आहे, पण गावात तिला सगळे गढीच म्हणत.) दारात विकायला एक पुस्तिका हवी होती, आणि गावात जुन्या कागदांचं वेड एकट्या हेस्टरला. तेव्हा इस्टेटचा कारभारी मिस्टर फेन गोड बोलून ते काम तिच्या गळ्यात घालून गेला होता.

जुलैच्या सतरा तारखेला तिची पानं परत आली. लाल पेन्सिलीने रंगलेली.

तिने लिहिलं होतं: ‘१७७१ साली दुसऱ्या लॉर्डसाहेबांना जेवणघराच्या खिडकीतून गावची धुराडी दिसत, ती त्यांच्या डोळ्यांत खुपली. तीन आठवड्यांची मुदत देऊन चौदा घरं पाडली, लोकांना टेकडीपलीकडे उठवलं आणि गावाच्या जागी हिरवळ केली.’ फेनने ‘उठवलं’ खोडलं होतं. वर लिहिलं होतं, ‘लोकांनी नव्या, सोयीच्या घरांत आनंदाने स्थलांतर केलं.’

आणि एक ओळ त्याने पार खोडून टाकली होती. चर्चच्या जुन्या वहीत हेस्टरला सापडलेली ती एकच ओळ: ‘विधवा थॉमसिन रूक हिने चावी दिली नाही.’ त्यापुढे त्या बाईचं नाव कुठेच नव्हतं. नव्या गावात नाही, दफनाच्या नोंदीतही नाही.

“आनंदाने!” हेस्टर रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. “मेल्या, तुझ्या आजीला कुणी आनंदाने रस्त्यावर काढलं होतं का?”

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. आपल्या दिवंगत पतींना नोकरीसोबत दिलेलं घर इस्टेटला परत हवं आहे. आजपासून तीन आठवड्यांनी, येत्या चावीच्या दिवशी, कृपया रीतसर चावी जमा करावी. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार.

म्हणजे एकाच पाकिटात एका हाताने लिहायचं की कुणाला कधी उठवलं नाही, आणि दुसऱ्या हाताने उठ म्हणायचं. चोर तो चोर, वर शिरजोर! हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकसष्ट वर्षांच्या बाईने जायचं कुठे? जिल्ह्याच्या गावी म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यात, जिथे खिडकी उघडायलाही परवानगी लागते?

२

“छापू दे त्याला काय छापायचंय ते. मी नकाशा काढते. चौदा घरांचा, भिंतीसकट. मग म्हणू दे आनंदाने,” ती बर्ट लगला म्हणाली.

बर्ट चर्चची थडगी खणायचा. सत्तरीचा, काटक, तोंडात सदा विझलेला पाईप. मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला तिने त्यालाच सोबत घेतलं, कारण त्या उन्हाळ्यात जे कधी दिसत नाही ते दिसत होतं. गढीसमोरची हिरवळ आता नावालाच हिरवळ राहिली होती. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्या पिवळ्यात आणखी फिकट रेघा उमटल्या होत्या. सरळ, काटकोनात वळणाऱ्या. जुन्या घरांच्या भिंती.

“खाली दगड असला की गवत आधी जळतं,” बर्ट म्हणाला. “आणि जमीन कधी उकरलेली असली, की तिथलं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं. चाळीस वर्षं हेच बघतोय.”

दुपारपर्यंत चौदा घरं मोजून झाली. कुणाची चूल, कुणाचा उंबरा, सगळं फिकट रेघांत. बर्ट खुशाल भिंती ओलांडत होता. हेस्टर मात्र प्रत्येक घरात दारातूनच शिरत होती. उगाच, पण पाय ऐकेनात.

“अगं, इकडे अजून एक आहे,” बर्टने सीडरच्या झाडापलीकडून हाक मारली.

“चौदाच होती.”

“मग मोज. माझं गणित कच्चं असेल.”

ते पंधरावं घर इतरांपासून थोडं बाजूला होतं. हेस्टर सवयीने दारातून आत गेली. दोन पावलं बोळ. डावीकडे वळली. मग थांबली. वळायचं हे तिने बघून ठरवलं नव्हतं. पाय आपोआप वळले होते, रोज वळतात तसे.

मागच्या अंगाला एक छोटी चौकट भिंतीला तिरकी चिकटलेली होती. कुठल्याही जुन्या घराला अशी तिरकी खोली नसते. हेस्टरच्या घराला होती. १९५८ साली विल्फने मोरी बांधली, तेव्हा शेजारणीने नासपतीचं झाड तोडू दिलं नाही, म्हणून ती वाकडी बांधावी लागली. सगळं गाव हसलं होतं, की प्लमलींच्या मोरीत सरळ माणूस गेला तरी तिरका बाहेर येतो.

“डुकरं ठेवायची जागा असेल कुणाची,” बर्ट म्हणाला.

“असेल,” हेस्टर म्हणाली.

“इथे मात्र खणलंय बघ कुणीतरी.” स्वयंपाकघराच्या जागी, खिडकी असते तिथे, खुर्चीच्या बैठकीएवढा एक हिरवा ठिपका होता. अख्ख्या पिवळ्या पटांगणात तेवढाच. हेस्टरने वाकून त्यावर तळवा टेकवला. गवत थंड होतं, आणि ओलं. तिने हात झग्याला पुसला आणि फीत गुंडाळायला घेतली.

३

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं घर मोजलं. मोरी सात फूट चार इंच लांब, पाच फूट एक इंच रुंद. वहीत हिरवळीवरच्या चौकटीचे आकडे होते. तेच. इंचाचाही फरक नव्हता.

हेस्टर काही भुताखेतांवाली बाई नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं दीडशे पोरांचं जेवण रांधलेली बाई ती. तिने डोकं चालवलं. विल्फने कधी गंमत म्हणून हिरवळीवर खुणा खणून ठेवल्या असतील? विल्फ आणि गंमत! त्या माणसाने लग्नातसुद्धा दोनदाच हसून घेतलं होतं. मग फीत उन्हाने ताणली असेल. बर्टने टोक नीट धरलं नसेल. असं काहीतरी असेलच. उन्हाने भल्याभल्यांची डोकी फिरतात.

मग ती बादल्या घ्यायला मागच्या दाराशी गेली, आणि पायरीवर गवत होतं.

चार-पाच पाती. हिरवीगार, ओली, एखाद्या चपलेच्या तळाला चिकटून येतात तशी. तिच्या परसात उरलं होतं ते सगळं वाळून पाचोळा झालेलं. गावात नव्हतं, चर्चच्या आवारात नव्हतं, अख्ख्या परगण्यात हिरवं पातं औषधाला सापडत नव्हतं. तिने ती पाती झाडूने लोटली आणि झाडू दोनदा आपटला.

दुपारी ती एकटीच हिरवळीवर गेली. खुर्चीजवळचा ठिपका होता तिथेच होता. पण दुसरा एक उमटला होता, चौकटीच्या बाहेर, परसाचं टोक येईल तिथे. अरुंद, लांबट. माणूस पाय जुळवून उभा राहील एवढा.

त्यानंतर रोज. मंगळवारी तो ठिपका नासपतीच्या झाडापाशी. गुरुवारी पाण्याच्या पिंपापाशी. शनिवारी मागच्या पायरीवर. आणि जिथे हिरवळीवर ठिपका असे, तिथेच सकाळी घरी ओली पाती सापडत. पिंपापाशी. पायरीवर. मग एके दिवशी पायरीच्या अलीकडे, आत, पायपुसण्यावर. स्वयंपाकघरात उकरलेल्या मातीचा वास यायला लागला. गार, दमट. बाहेर झाडाची पानं उन्हाने वाजत होती आणि आत तो वास.

नळावर शेजारीण म्हणाली, “हेस्टर, तुझा चेहरा उतरलाय गं. झोपतेस ना नीट?”

“झोपते की.”

लिहायला बसली की मानेवर गारवा लागे. कुणी पाठीमागे दार उघडं ठेवून उभं राहावं तसा. दार बंदच असे. ती दर पानाला एकदा वळून बघायची, मग स्वतःवरच चिडायची. खुर्ची फिरवून बसणं काही अवघड नव्हतं. पण नाही फिरवली तिने. का फिरवायची? कारभाऱ्याच्या कागदाने घाबरायचं, गवताच्या पात्यांनी घाबरायचं, मग आपल्या घरात आपण करायचं तरी काय? भीती वाटत होती, नाही कोण म्हणतंय! पण भीतीपेक्षा संताप जास्त होता, आणि ती त्या संतापालाच धरून बसली होती.

४

चावीच्या दिवसाला चार दिवस उरले तेव्हा बर्ट चहाला आला. विल्फच्या खुर्चीत बसला, हेस्टरच्या समोर.

“देऊन टाक ना चावी,” तो बशीत बघत म्हणाला. “तमाशा कशाला उगाच? लॉर्डसाहेब वाईट माणूस नाही.”

“वाईट कुणीच नसतो रे. दोनशे वर्षांत या गावाला एकही वाईट माणूस भेटला नाही. घरं मात्र जातात.”

“रीत आहे ती.”

रीत! ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी अख्खं गाव चांगले कपडे घालून गढीच्या जेवणघराच्या दालनात जातं. लांब टेबलावर एकेक जण आपल्या दाराची चावी ठेवतो. लॉर्डसाहेब ती एका बोटाने परत सरकवतात आणि म्हणतात, “राहा.” कुत्र्याला सांगावं तसं. ज्याचं घर परत हवं असेल त्याच्या चावीवर मात्र ते तळवा ठेवतात. बोलत काहीच नाहीत. मग सगळे हॅम आणि बिअरकडे वळतात. गावाला या रीतीचा अभिमान आहे! पेपरात फोटो येतो.

“नेली विंटल आठवते?” हेस्टरने विचारलं.

बर्टने पाईप काढून ठेवला. आठवत होती. सात वर्षांपूर्वी नेलीच्या चावीवर तळवा पडला. बेचाळीस वर्षं ती त्या घरात होती. तिने भोवती पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. कुणी काही बोललं नाही. चारचौघांत आवाज चढवायचा म्हणजे काय! या गावात माणूस बुडत असला तरी ‘माफ करा, जरा त्रास देतो’ म्हणून हाक मारील. नेली निवाऱ्यात गेली आणि नाताळच्या आत मेली.

“मी काय म्हटलं होतं तिला, ठाऊक आहे?” हेस्टर म्हणाली. “म्हटलं, नेली, होतं ते बऱ्यासाठीच. आणि मग मी हॅम खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. चांगलं होतं, बर्ट. लाज वाटते सांगायला, पण फार चांगलं होतं.”

“आपण काय करणार होतो गं...” बर्टने मान वर केली, आणि वाक्य तिथेच राहिलं.

तो हेस्टरच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. मागच्या दाराकडे. कपाचा कान त्याच्या बोटांत होता आणि चहा थेंबथेंब टेबलावर सांडत होता. हेस्टरला मानेवर तो गारवा लागला, नेहमीपेक्षा जवळून.

“काय आहे?” तिने न वळता विचारलं.

“काही नाही.”

“बर्ट.”

“काही नाही म्हटलं ना! तुझं पायपुसणं ओलं झालंय, तेवढंच. निघतो मी.” तो पुढच्या दाराने गेला. अठरा वर्षांत तो या घरातून कधी पुढच्या दाराने गेला नव्हता. टोपीही विसरला.

हेस्टरने मोजून दहापर्यंत आकडे म्हटले आणि वळली. दार बंद होतं. पायपुसण्यापासून तिच्या खुर्चीपर्यंत फरशीवर ओली पाती पडली होती. पावलांच्या आकारात, बोटं तिच्या खुर्चीकडे.

त्या दुपारी हिरवळीवर दोन ठिपके एकमेकांना खेटून होते.

५

शनिवारी अकरा वाजता दालनात चाळिसेक माणसं उभी होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत जुन्या लाकडाला पॉलिशचा वास. भिंतीशी पांढऱ्या कापडाखाली हॅम. फेन यादी घेऊन टेबलाच्या एका टोकाला. लॉर्डसाहेब मध्ये बसलेले. चाळिशीचा, गोरापान, नम्र माणूस, वडिलांकडून गढी आणि ही रीत दोन्ही मिळालेला. प्रत्येकाची नावाने विचारपूस करत होता. त्यानेच तर जास्त संताप येत होता.

“बर्ट लग.” चावी. बोट. “राहा.”

“मिसेस हिब्बर्ड.” चावी. बोट. “राहा.”

बर्टने जागेवर परत येताना हेस्टरकडे पाहिलं नाही. चावी खिशात न ठेवता मुठीत धरून तो उभा राहिला.

हेस्टर खिडकीजवळ होती. ही तीच खिडकी, जिच्यातून दुसऱ्या लॉर्डसाहेबांना धूर दिसायचा. तिने बाहेर पाहिलं. वरून सगळी घरं एकदम दिसत होती, वहीत काढावीत तशी. चौदा, आणि सीडरपलीकडे पंधरावं. त्यात खुर्चीजवळचा ठिपका होता. दुसरा नव्हता. पंधराव्या घराच्या दारापासून गढीच्या पायऱ्यांपर्यंत मात्र हिरवे ठिपके एका ओळीत आले होते. एकेका पावलाच्या अंतराने. सकाळी ती याच हिरवळीवरून चालत आली, तेव्हा ते नव्हते.

“मिसेस प्लमली,” फेनने पुकारलं.

ती टेबलापाशी गेली. चावी मुठीत होती. मूठ घामाने भिजली होती. लॉर्डसाहेबांनी मृदू आवाजात म्हटलं, “विल्फ फार चांगला कारागीर होता. या टेबलाचा पाय त्यानेच बसवला.”

“हो,” हेस्टर म्हणाली. “आणि माझी मोरीसुद्धा.”

कुणीतरी मागे खोकलं. फेन हळूच म्हणाला, “चावी, मिसेस प्लमली. सगळे थांबलेत.”

अवघडलेली शांतता पसरली. ही शांतता हेस्टरला पुरती ठाऊक होती. नेली याच शांततेत उभी होती. या शांततेत माणूस काहीही देऊन टाकतो, नुसती ती संपावी म्हणून. हेस्टरचा हात चक्क पुढे आला. तो तिने मागे घेतला.

“नाही,” ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली. “मी नाही देत. नेलीची घेतलीत तेव्हा मी गप्प बसले, त्याचं मी काय ते भोगते आहे. आणि साहेब, १७७१ साली कुणी आनंदाने गेलं नव्हतं. थॉमसिन रूकने चावी दिली नव्हती. ते वाक्य तुमच्या माणसाने खोडलं. माणसं तर काढलीतच, आता नावंसुद्धा काढता?”

चाळीस माणसांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. लॉर्डसाहेबांचा चेहरा लाल झाला. माणूस गोंधळला की हात सवयीचं काम करतात. त्यांनी तळवा पुढे केला आणि टेबलावर ठेवला, जिथे चावी असायला हवी होती तिथे.

तळवा टेबलाला टेकला नाही.

बोटभर वरच थांबला. कशावर तरी विसावल्यासारखा. हेस्टर अगदी समोर होती, तिला तळव्याखालची फट स्पष्ट दिसत होती. फटीतून पलीकडचं लाकूड दिसत होतं, आणि त्या लाकडावर पाणी पसरत होतं. लॉर्डसाहेबांनी हात ओढला. निघाला नाही. पुन्हा ओढला. खांदा हलला, मनगट हललं, तळवा होता तिथेच राहिला. त्यांच्या बोटांच्या मधून हळूहळू हिरवी पाती वर आली. उकरलेल्या मातीचा वास दालनभर पसरला.

त्यांनी मान वर केली. ते हेस्टरकडे बघत नव्हते. तिच्या शेजारी, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर कुणीतरी उभं असावं तिथे बघत होते. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हते. बापजाद्यांनी या टेबलावर बोलायला एकच शब्द शिकवला होता, तोच शेवटी बाहेर पडला.

“राहा,” ते म्हणाले.

हात सुटला. लॉर्डसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. टेबलावर पाण्याचा एक पंजा उमटला होता, लहान, बाईमाणसाचा, बोटं पसरलेली.

 मग बर्ट लग पुढे आला. फेनच्या हातातली यादी त्याने काढून घेतली, घडी करून पाण्याच्या पंजाशेजारी ठेवली, आणि डोक्यावर नसलेली टोपी सावरायला गेला.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “पण पुढच्या वर्षापासून माझी चावी माझ्याकडेच राहील.”

तो गेला. त्याच्यामागे मिसेस हिब्बर्ड. मग सगळे, एकेक करून, दारातून. हॅमवरचं पांढरं कापड त्या दिवशी कुणी उचललं नाही.

६

रविवारी सकाळी हेस्टरच्या मागच्या पायरीवर पाती नव्हती. पायपुसणं कोरडं होतं. ती हिरवळीवर जाऊन आली. सीडरपलीकडे नुसतं पिवळं गवत होतं, एकही रेघ नाही. चौदा घरं तेवढी जागच्या जागी.

बुधवारी फेन आला. मागच्या दाराने, हॅट हातात. रात्र-रात्र झोपला नसावा. तिने त्याला बस म्हटलं नाही.

“मिसेस प्लमली, घर तुमचंच. तहहयात. कागद करून आणलाय.” त्याने पाकीट पुढे केलं. “आणि पुस्तिकेत ते वाक्य परत घातलंय. शब्द न शब्द.”

“बरं केलंत.”

तो गेला नाही. हॅटची कड फिरवत राहिला.

“लॉर्डसाहेब जेवणघरात जात नाहीत हल्ली,” तो म्हणाला. “त्यांच्या खुर्चीमागे... फरशी ओली होते. रोज पुसतो. काल जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. आज सातव्या. वर त्यांची झोपायची खोली आहे.” त्याने मागच्या पायरीकडे एकदा वळून पाहिलं. “तुम्हाला जुन्या गोष्टी माहीत आहेत. तिला जायला कसं सांगायचं?”

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बुटाच्या टाचेला एक हिरवं पातं चिकटलं होतं. क्षणभर तिला त्याची दया आली, खोटं कशाला बोला. मग तिला नेलीचा चेहरा आठवला, एकेकाच्या तोंडाकडे बघणारा.

“तीन आठवड्यांची मुदत द्या,” ती म्हणाली. “पद्धतच आहे ना तुमची. आगाऊ आभार मानायला विसरू नका.”

“मिसेस प्लमली, मी हात जोडतो.”

“पण जाईल असं वाटत नाही हो. अख्ख्या गावासमोर साहेबांनी स्वतः सांगितलंय तिला, राहा म्हणून.”

तिने दार लावून घेतलं, बादल्या उचलल्या आणि पुढच्या दाराने नळावर गेली.